बुडाचं पॅकिंग

सलमाबादला आम्ही शटर पहाटे पाचला उघडतो.
नऊनंतर उन्हातला पाना उचलला
तर पानाच चावतो.

मकीची ब्यूक, एकाहत्तर सालची.
सकाळी एका चावीत सुरू, वरातीला निघाल्यासारखी.
दुपारी सिग्नलला थांबली
की कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उकळतं,
आधणासारखं, खोटं नाही, ऐकू येतं,
आणि गाडी मान टाकते.
"पंप बदलला," मकी म्हणतो, "कॉइल बदलली,
दोन मेकॅनिक बदलले."
तिसरा मी.

म्हटलं, बुडाचं पॅकिंग बघू.
हसला. दीड दिनाराची वस्तू!
वर कार्बोरेटर, खाली मॅनिफोल्ड,
मध्ये ही दाबून बसलेली.
गाडीचं कौतुक करणाऱ्यांनी
आजवर हिचं नाव काढलेलं नाही.

कुंजुमोनच्या दुकानातून तीन आणली.
एक पातळ, लग्नपत्रिकेएवढं.
पुढची दोन भोकं लहान, मागची मोठी, सगळी जुळली,
पण धग सरळ वर चढणार.
दुसरं मध्ये सताड मोकळं, एकच खिडकी,
कडेची बारकी वाट त्यानं झाकतच नाही;
चोरहवा शिरणार, इंजिन बसल्या जागी बोंबलणार.
तिसरं काळं, जाड, नखानं वाजवलं तर टणक बोललं.
ह्या उन्हावर हेच औषध, मी म्हणालो,
आणि बसवलं,
आणि बॉनेट टेकवलं,
तर एअर क्लीनरचा नट आतून पत्र्याला भिडला.

"भोक पाडू का बॉनेटला?" आमच्या तन्वीरनं विचारलं.
मकीनं त्याच्याकडे असं पाहिलं
की तो पाणी आणायला गेला.

मग मी जुनं पॅकिंग चिंधीवरून उचललं.
करपलेलं, पापडासारखं चेपलेलं.
ब्लेडनं कड सोडवली तर आत तीन थर.
वरचं कंपनीचं, खालचं कंपनीचं,
मधलं हातानं कापलेलं,
खजुराच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर अर्धं झाड.
मागची भोकं चहाच्या पेल्याच्या तोंडावर गिरवलेली,
पुढची बाटलीच्या झाकणावर.
कडेला निळ्या पेन्सिलीची रेघ, जरा हललेली.

मकीनं ते हातात घेतलं.
बाप कस्टममध्ये कारकून. खात्यात निळी पेन्सिल.
घरातला बल्ब बदलायलाही माणूस बोलावायचा.
"त्यानं?" मकी म्हणाला.
बराच वेळ तेवढंच म्हणाला.

माल चुकीचा होता, सांगून टाकतो.
पुठ्ठा पेट्रोल पितो, फुगतो, मग जळतो.
पण जाडी?
जाडी त्या कारकुनाला बरोबर सापडली होती,
धग अडेल इतकी, बॉनेट लागेल इतकी,
कुंजुमोनच्या पातळ आणि जाड्याच्या मधोमध,
जी कुठल्याच पाकिटात मिळत नाही.

उद्यमनगरात आमचे आप्पा मिस्त्री म्हणायचे,
डोळ्यानं माप घेऊ नको, डोळा लाडावलेला असतो.
बुडाला ग्रीस लाव, कागदावर ठसा घे.
घेतला. फायबरची शीट कापली,
भोकांच्या कडा कानशीनं, दमानं.
बोल्ट आवळले कोपरा सोडून कोपरा,
एका बाजूनं घाई केली तर बूड वाकतं
आणि मग कुठलंच पॅकिंग तुमचं ऐकत नाही.
कडेनं स्प्रे मारला. इंजिनाचा सूर हलला नाही.

दुपारी दोन वाजता, ऑगस्टमध्ये, आम्ही निघालो.
मी पाण्याची बाटली मांडीत धरून.
मकीच्या पांढऱ्या खिशाला आतून तेलाचा डाग पसरत होता,
पुठ्ठ्याच्या आकाराचा.
पहिला सिग्नल आला, हिरवा.
मकी थांबला.
मागे हॉर्न, अरबीत शिव्या, मल्याळममध्ये शिव्या.
तो काचेवर कान दिल्यासारखा बसून राहिला,
इंजिन खालच्या सुरात गुरगुरत होतं,
आणि दिवा लाल होईपर्यंत
आम्ही कुणीच काही बोललो नाही.