पासंग

वाल्दिव्हियात जून म्हणजे भर हिवाळा.
नदीकाठच्या मासळीबाजारात समुद्रसिंह
ओट्याखाली तोंड उघडून बसतात,
आणि मी चुलीत ओलसर लाकूड सारून
एकतीस वह्या पुढ्यात ओढते.

तीस वह्यांत २४.६०.
कुठे २४.५५, कुठे २४.६५,
खरं वाटावं म्हणून भुरभुरलेला फरक,
कालच्या रश्श्यावर आजची कोथिंबीर.

एकतिसावी आयलिन वेन्चुयानची.
२३.१०, २३.१५, २३.१५.
समासात पेन्सिलीनं:
चौथ्यांदा करायचं होतं, आम्ल संपलं.

माझ्या खणात एक पिवळा कागद आहे,
त्यावर उत्तर. अचूकतेला साठ टक्के.
बेरीज आली सातपैकी तीन दशांश आठ,
चारला पास.
मी लाल रेघ ओढली आणि चहा ओतला.

सोमवारी ती आली,
गळता रेनकोट दाराबाहेर ठेवून.
रडली नाही, गुण मागितले नाहीत.
"प्रोफेसोरा, एवढंच विचारायचंय,
पुढच्या वेळी दिसलं ते लिहायचं
की दिसायला हवं होतं ते?"
दिसलं ते, अर्थातच, मी म्हटलं.
"बरं," म्हणाली.
त्या 'बरं'ला लागेल असा दर्शक
कुठल्याच कपाटात नाही.

दुपारी भांडारात डॉन एलेउतेरिओ
पिपेटी धूत होते. मान वर न करता म्हणाले,
"एप्रिलमध्ये बाटली संपली, नवा सोडा केला.
जरा जहाल झालाय.
चिठ्ठी ठेवली होती तुमच्या टेबलावर."

होती.
कपाखाली, कपाच्या गोल डागासकट.

दिवे गेल्यासारख्या त्या संध्याकाळी
मी एकटीनं ब्युरेट भरलं.
थेंब, थेंब, मग अर्धा थेंब काचेवरून पुसून घेतलेला,
आणि चंबूत तो फिकट गुलाबी,
जायला बघणारा पण न जाणारा.
२३.१५.
पुन्हा २३.१५.
अख्ख्या वर्गात प्रयोग एकीनंच केला होता
आणि नापास तेवढी तीच.
पासंग तराजूत होता
आणि मी माल परत पाठवत होते.

तिला सात दिले. ते सोपं.
तिसांना झापणंही सोपंच होतं,
शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.
पण इग्नासियो ओयार्सो रात्रभर
साल्मनच्या कारखान्यात काटे काढतो,
सकाळी आठला येतो तेव्हा
फिनॉल्फ्थॅलिनच्या आधी त्याचे डोळे गुलाबी असतात.
आणि गेल्या वर्षीची जी वही त्यानं उतरवली
तिच्यावर पूर्ण सात आहेत, सही माझी.
शिवाय, हे कुणाला सांगितलेलं नाही,
एकविसाव्या वर्षी मीही एक आकडा
तीन दशांशानं सरकवला होता.
त्या वर्षीची शिष्यवृत्ती
मी बूट आणि पुस्तकं घेऊन संपवली.

फळ्यावर लिहिलं: चूक माझी, बाटली नवी.
खाली लिहिलं: सगळ्यांनी पुन्हा.
अचूकतेला वीस, बाकीचे
वहीत काय झालं ते जसंच्या तसं आहे का, त्याला.
विभागप्रमुख म्हणाले, वेळापत्रकात बसत नाही.
म्हणून गुरुवारी रात्री, माझ्या वेळेत.
नऊ जण आले. उरलेल्यांचं काय करायचं
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

इग्नासियो शेवटच्या टेबलावर.
त्याचं आलं २३.४०.
पेन उचललं, थांबला, माझ्याकडे पाहिलं.
हाताला माशाचा वास, स्टँडच्या खिळ्याला तोच वास.

बावीस वर्षं मी सांगत आलेय,
उभ्यानं वरून वाचू नका,
वरून पाहिलं की ब्युरेट कमीच दाखवतं.
माझे गुडघे आता कुरकुरतात.
मी वाकले.
"लिही," म्हटलं.