कोण, कधीपर्यंत

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात
एक गॅस्केट अकरा दिवस हरवलं होतं.
हरवलं म्हणजे काय, स्टोअरमध्येच होतं,
तिसऱ्या रॅकवर, स्वतःच्याच बिलाखाली.
मीटिंगला बसलेल्या नऊ जणांपैकी प्रत्येकाची
खात्री होती की उरलेले आठ ते शोधतायत.

"कोणाकडे होतं हे काम?" मी विचारलं.
नऊ जणांनी आपापल्या चहात पाहिलं.
चहात उत्तर नव्हतं. साय होती.

मी तेव्हा नुकतीच प्लॅनिंगची इन्चार्ज झाले होते.
तीन रंगांची पेनं, तीन डायऱ्या,
ज्याला त्याला "हो, करते" म्हणायची जुनी खोड,
रात्री आठपर्यंत टेबलावर दिवा.
घरी जाताना वाटायचं, दिवसभर केलं काय?
घागरीतलं पाणी कळशीत,
कळशीतलं घागरीत.

टेस्टिंग बेंचवरचा फिरोज मलेक फारसं बोलत नाही.
त्या दिवशी स्पॅनर पुसत म्हणाला,
"बेन, मी सांगितलं होतं. सोमवारीच.
तुम्ही मान हलवलीत.
कानाला फोन होता, त्याच्यासाठी हलवली असेल."

दुसऱ्या दिवसापासून
सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी रिकाम्या हातांनी शॉपवर जाते.
फाइल नाही, फोन नाही, पेनसुद्धा नाही.
ऑफिसच्या दारापासून बेंचपर्यंत दोनशे बारा पावलं.
पहिला आठवडा हातांचं काय करावं तेच कळेना,
परक्या लग्नात आल्यासारखे ते नुसते लोंबत.
कोणी काही सांगेना.
मग पेंटशॉपच्या रमीलाबेन म्हणाल्या,
थिनर दोन दिवसांचंच उरलंय.
अशा बातम्या ईमेलनं येत नाहीत.
कोणीतरी नुसतं उभं आहे असं दिसलं
की चालत येतात.

बेंचजवळ सुरक्षा सप्ताहाचा एक फळा होता.
हेल्मेट घातलेला माणूस त्यावर वर्षभर हसत होता.
त्याला पुसलं. तीन रकाने आखले:
काय. कोण. कधीपर्यंत.
"कोण"खाली एकच नाव. दोन लिहिली
की काम दोघांमधल्या फटीत पडतं,
हे गॅस्केटनं शिकवलेलं.
"कधीपर्यंत"खाली हसमुखभाईंनी लिहिलं, लवकरच.
मी पुसलं.
लिहिलं, बने तो काले.
तेही पुसलं.
मग चष्मा वर सारून, दाबून दाबून:
गुरुवार, जेवणाआधी.
काम जेवणानंतर झालं. मी काही बोलले नाही,
वार तरी तोच होता.

माझी अक्षरं रेघेला टांगलेली,
दोरीवर वाळत घातल्यासारखी.
मलेकची गुजराती,
डोक्यावर रेघ नाही, उघड्यावर उभी.
लांबून पाहिलं तर फळा
अर्ध्या छपराचा दिसतो.

सगळं सुधारलं असं नाही.
मार्च अजून मार्चसारखाच येतो.
तीनच्या दोन डायऱ्या झाल्या, एक अजून नाही.
आणि "या आठवड्यात जमणार नाही" हे वाक्य
साहेबांच्या केबिनमध्ये जाण्यापूर्वी
मी जिन्यात एकदा म्हणून बघते.

काल सकाळी फळ्यावर नवी ओळ होती.
काय: कँटीनचा पंखा, एप्रिलपासून बंद.
कोण: बिनरेघेच्या अक्षरांत, शिर्केबेन.
म्हणजे मी.
कधीपर्यंत: रिकामं.

सगळे आपापल्या मशीनवर होते.
माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं,
अगदी लक्षपूर्वक पाहत नव्हतं.
मी खडू उचलला.
"बघते" लिहायला हात निघालाच होता.

शनिवार, मी लिहिलं.
जेवणाआधी.