शून्य बाइटांचं दार

ओउलूमध्ये फेब्रुवारी. उणे सव्वीस.
सोसायटीच्या तळघरात, स्की ठेवायच्या जाळीमागे
बुटांच्या खोक्याएवढा एक संगणक आहे.
त्यात दोन प्रोग्राम राहतात:
एक सॉनाच्या पाळ्या लिहून ठेवतो,
दुसरा त्या पडद्यावर दाखवतो.
भिंतीला भिंत लावून राहणारे,
पण परवापर्यंत बोलायचे फ्रँकफुर्टमार्गे.
शुक्रवारी सातला कुणाची पाळी, एवढं विचारायला
समुद्राखालून जाऊन यायचे.

इंटरनेट पडलं त्या रात्री
अर्धा तिसरा मजला टॉवेल गुंडाळून जिन्यात भांडत होता.
म्हणून हे काम माझ्याकडे आलं. फुकट, अर्थात.

काम ओळीभराचं.
लायब्ररीला सांगायचं, बाई, बाहेर जाऊ नकोस,
हा घे इथल्याच डिस्कवरचा पत्ता,
या सॉकेटवर टकटक कर.
पत्ता एकशे आठ बाइटांत मावायला हवा, बस्स.
तरी ती यूआरएल मागतेच, यजमानाच्या नावासकट.
यजमान कुणी नाहीच, मी म्हणते.
नाव लागतं, ती म्हणते, कुठलंही चालेल,
शोधायला कुणी जात नाही,
नुसतं पत्राच्या माथ्यावर राहतं.
मी लिहिलं: कल्लुंकी.
माझ्या समोरच्या दारावर, पत्रांच्या फटीवर तेच आहे.
नऊ वर्षं समोरासमोर राहतो आम्ही.
बोलणं सगळं सोसायटीच्या ग्रुपवर.

पहिला प्रयत्न: परवानगी नाही.
दुसरा: कनेक्शन नाकारलं.

फाइल नसती तर त्यानं सरळ तसं सांगितलं असतं.
फाइल आहे. यादीत दिसते. आकार शून्य.
मागचा ऐकणारा तेवढा मेलाय
आणि जाताना दार न्यायचं विसरलाय.
नवा बसवावा
तर म्हणतो, पत्ता वापरात आहे.

तेवढ्यात ओर्वोक्की कल्लुंकी थर्मास घेऊन खाली आली,
लोकरी मोजे, त्यावर नवऱ्याचे बूट.
कुठं अडलंय?
मी पडद्यात बघत बोलून गेले,
मेलेल्याचं दार आधी पुसावं लागतं,
मग नव्याला तिथं बसता येतं.
आणि जीभ चावली.
ताइस्तो नोव्हेंबरात गेला.
मासेमारीचं मासिक अजून त्या फटीतून पडतं,
आवाज माझ्या घरात येतो.

तिनं कॉफी ओतली.
न पुसता नाही का जमत?
एक प्रकार आहे, मी म्हणाले,
डिस्कवर काहीच ठेवत नाही तो.
नावाच्या आधी एक शून्य,
प्रोग्राम गेला की नावही त्याच्याबरोबर गेलं.
ते नको, ती म्हणाली. दार दिसायला हवं.

मी फाइल पुसली. ऐकणाऱ्याला पुन्हा उठवलं.
त्याच जागी तसंच दार, शून्य बाइटांचं.
टकटक.
उत्तर आलं, फ्रँकफुर्टला न जाता:
शुक्रवार, सात ते आठ, टी. कल्लुंकी.

वरच्या पाइपमधून कुणाच्या तरी अंघोळीचं पाणी गेलं.
नोंद बदलू का, मी विचारलं.
ते नाव किती जागा घेतं?
अकरा बाइट.
मग राहू दे.
तिनं कपातला गाळ कोपऱ्यातल्या बादलीत झटकला.
सातला तू ये मात्र.
दगडांवर पाणी ओतायला दुसरं कुणी हवं,
नाहीतर वाफ जास्त झाली म्हणून
रागवायचं कुणावर?