सहा सतरा

खाणकंपनीच्या लिलावात आठशेला घेतला.
झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांवर लाल माती,
बार्जवर टॅली लिहायचो तेव्हाचीच.
ब्रशने झाडली. सगळी नाही गेली.

आग्नेलने जुनं सगळं पुसून लिनक्स घातली.
मी म्हटलं, फुकटची का?
"फुकटची नव्हे, सगळ्यांची. आपल्या बांधासारखी.
ज्याला चीर दिसेल त्याने चिखल लावायचा."
आमच्या बांधाची चीर
सात वर्षं दिसतेय सगळ्यांना.
तो हसला. ब्राउझरची ओळ कागदावर लिहून देऊन
पाचच्या फेरीबोटीने रायबंदरला गेला.

काळी खिडकी, पांढरी अक्षरं.
एकेक अक्षर लिहिलं, जागा सोडायची तिथे जागा सोडून.
पासवर्ड विचारला. टाइप करतो तर काही उमटेना,
ठिपकासुद्धा नाही.
तीनदा अर्ध्यावर सोडला.
चौथ्यांदा तसाच आंधळा लिहिला, आणि मानला त्याने.
सुलक्षाचं माहेरचं नाव आहे. तिला सांगितलेलं नाही.

मग म्हणतो, कुलूप दुसऱ्या कुणीतरी धरलंय, थांबा.
घरात मी एकटा.
थांबलो. तिरफळं निवडत बसलो.

मग यादी. एका ब्राउझरपायी सत्तावीस नग.
हे हवं तर ते हवं,
ते हवं तर त्याचा मावसभाऊ हवा.
घालू का? हो की नाही?
त्यातला 'हो' आधीच मोठ्या अक्षरात,
नुसतं एंटर दाबलं तरी होकार.
सुलक्षाच्या बापाने मला असंच विचारलं होतं.

त्रेचाळीस टक्क्यांवर वीज गेली.

आली तेव्हा कुरकुरला:
मागचं अर्धवट राहिलंय, आधी ते निस्तरा.
आणि कसं निस्तरायचं ती ओळही
स्वतःच लिहून दाखवली.
माणसं इतपत सांगत नाहीत.

शंभर.
पांढरं पान. लांबट चौकटीत
एक उभी रेघ लुकलुकत, माझी वाट पाहत.
बार्जचं नाव टाकावं म्हटलं.
दोन अक्षरं टाकली, पुसली.
लिहिलं: चोडण, आज ओहोटी कधी.
सहा सतरा.

घड्याळ घेऊन मानशीवर गेलो.
पाण्यात एक सोडण वर वर चाललं होतं.
सहा सतरा झाले. ते चाललंच होतं.
सहा पंचवीस. रोझालिन जाळं घेऊन आली,
म्हणाली, आज घड्याळ घालून?
सहा अडतीसला सोडण थांबलं,
जरा जागच्या जागी फिरलं,
आणि पणजीकडे तोंड केलं.

ती वेळ बंदरातली असणार.
तिथून इथवर यायला
पाण्याला एकवीस मिनिटं लागतात.
तिरफळांच्या सुपाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलं: २१.
मशीन चालूच होतं.
विचारलं, उद्या?