नाव विचारायचा नियम

स्किप्टनच्या कालव्यात हंस मेलेला सापडला
आणि गावाला पाखरांचा कळवळा आला.
पुलाच्या कठड्यावर मेणबत्त्या, फुलं,
कुणाचा तरी भिजलेला टेडी.

ब्रॅडन ऑल्डरसनच्या हातात दगड होता, म्हणे.
वय पंधरा.
साक्षीदार एकच: म्हणे.

मागणीचा कागद आमच्या फार्मसीतही आला.
मी सही केली.
गोळ्या दोनदा मोजणारी मी,
तिथे एकदाही मोजलं नाही.

त्यांच्या दारावर लाल रंग फेकला कुणी.
त्याची आई इनहेलर न्यायला आली
तेव्हा रांग दोन पावलं मागे सरली.
मी पिशवी पुढे केली,
नजर बिलातच ठेवली.

मग अहवाल आला. पंखाखाली भाजल्याची खूण.
विजेची तार. धुक्यात दिसली नसावी.

तारेवर कुणी मोर्चा नेला नाही.
मेण कौन्सिलच्या माणसाने खरवडलं.
दाराला पांढरा हात दिलाय,
ऊन पडलं की खालचा लाल
अजून वर येतो.

काल तो स्वतः आला, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून.
औषध देण्याआधी विचारावंच लागतं,
म्हणून विचारलं: नाव?

म्हणाला,
तुम्हाला माहीत आहे.