पान दोनशे बारा

डंडीत, टे नदीच्या काठी, एका जुन्या गोदामात
काचेची खोली आहे, कपाटाएवढी.
तिथे बसून मी कादंबऱ्या वाचते, माईकसमोर,
ज्यांना डोळ्यांनी वाचायला सवड नाही त्यांच्यासाठी.
घसा माझा, शब्द दुसऱ्याचे, पैसे तासावर.

आज तिसरा खंड. पान दोनशे बारा.
राजाला बाण लागला दोनशे एकवर
आणि तो अजून पडतोच आहे.

'अनादि तमाच्या नीलकृष्ण गर्भातून
उमललेल्या वेदनेच्या रुपेरी पाकळ्या
त्याच्या आत्म्याच्या विस्मृत गवाक्षांवर
मौनाच्या सहस्र जिभांनी...'

इथे माझा श्वास संपतो.
क्रियापद पान उलटल्यावर आहे.
पाकळ्यांना जिभा कुठून फुटल्या, विचारायचं नाही.
काल याच राजाचा घोडा
अडीच पानं पाणी प्याला;
घशाला कोरड माझ्या पडली,
त्याची तहान काही दिसली नाही.

आई इथल्याच तागाच्या गिरणीत होती.
दोनशे मागांचा खडखडाट, ओरडून उपयोग नाही.
बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या
आणि शब्द निवडायच्या
उजेडाला धरून अंडी निवडावीत तसे.
एका दुपारी बेथिया
दारातच थांबली. तिथूनच ओठ हलवले:
डंकन. गोदीत. गेला.
आईने माग थांबवला,
सुटलेला धागा गाठला,
मग कात्री शोधत राहिली इकडे तिकडे;
ती तिच्या कमरेलाच लटकत होती.

या गोष्टीला मी आजवर विशेषण लावलेलं नाही.
एकदोनदा लावून पाहिलं.
चिकटत नाही.

आणि हा बाप्या! बाण छातीत,
भोवती रडायला अख्खी सेना,
तरी आभाळाच्या नऊ छटा मोजतोय.
नववीचं नाव मला उच्चारता येत नाही,
लेखकालाही येत नसणार.

काचेपलीकडे कॅलम. रेकॉर्डिंग चालू आहे,
म्हणून तोही नुसते ओठ हलवतो:
मेला का?

मी मान हलवते. नाही.
चार बोटं दाखवते, चार पानं अजून.
तो उठतो, किटली लावायला जातो.

मी पाण्याचा घोट घेते, छातीभर श्वास भरते
आणि पुन्हा पाकळ्यांपासून
सुरू करते.