शून्य धरून

ईरीच्या प्लंबर युनियनच्या तळघरात
मंगळवारी नि गुरुवारी, साडेसहा ते साडेआठ,
मी इंच शिकवते.
वर तळ्याकडून आलेला बर्फ
खिडकीवर पावणेदोन फूट चढलाय.
हेही कॉफीच्या सुट्टीत कुणीतरी मोजलेलंच.

नऊ जण. सगळ्यांत मोठी ओपल, बावन्नची,
बिस्किटांचा कारखाना बंद पडला म्हणून आलेली.
सगळ्यांत गप्प टायरेल मॅबरी.
पहिल्याच दिवशी विचारलं,
एक छेद चार मोठा की एक छेद आठ?
सात हात आठाच्या बाजूने वर.
बरोबरच आहे,
आठ मोठाच असतो
घास वाटून खायची वेळ येईपर्यंत.
ओपललाच आधी कळलं. तिला पाच भाऊ.

मग दुकानातल्या पावतीचा रोल आणला,
हातभर पट्टी फाडून दिली प्रत्येकाला.
दुमडा. अजून एकदा. अजून.
चौथ्या घडीला कागद हट्टाला पेटतो,
नखाने दाबावा लागतो.
उलगडला तेव्हा सोळा घरं,
आणि शेजारी ठेवलेली पोलादी पट्टी:
लांब रेघ, तिच्याहून आखूड, तिच्याहून आखूड,
जणू तीही कुणी चारदा दुमडून
पुन्हा सरळ केलेली.

टायरेलने बोट ठेवलं.
"साडेपाच. आणि वर दोन बारक्या."
मान खाली घालून, चोरी कबूल करावी तसं.
उत्तर चोख होतं.
नाव तेवढं येत नव्हतं.

नावं माझ्याकडे होती, ढीगभर.
पाऊण, सव्वा, दीड, अडीच.
अण्णांच्या तोंडी तर औटकीसुद्धा,
साडेतीनाचा अख्खा पाढा, रंधा मारत मारत.
तिथे दीड हा दीडच असायचा,
दोनातून कुणी मोडून नेलेला नाही.

"दोन बारक्या म्हणजे एक सूत,"
तोंडातून निघून गेलं.
"सूट?" वेंडेल फिस्सकन हसला.
त्यांच्या भाषेत ती धुराड्यातली काजळी.
पुढच्या गुरुवारी आले तर फळ्यावर
कुणीतरी लिहून ठेवलेलं:
आठ काजळ्या, एक इंच.
मी पुसलं नाही.

अण्णांनी करवत मला कधी दिली नाही.
कापायचा भाऊ.
मी टेपचं दुसरं टोक धरायचे,
चौकटीच्या खालच्या कोपऱ्याशी, अंगठा पांढरा होईतो.
हलू नकोस गं.
शून्य धरून उभी राहायचे मी
आणि आकडा नेहमी
पलीकडच्याला दिसायचा.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात टायरेल
आजोबांची लाकडी पट्टी घेऊन आला.
टोक झिजून गोल झालेलं,
म्हणून त्याने एकापासून मोजलं, शहाण्यासारखं,
आणि तो एक वजा करायला विसरला.
पाइप इंचभर लांब निघाला.
तो त्या पाइपाकडे बघत राहिला
तसं परीक्षेत नापास झालेलेच बघतात.
ओपल म्हणाली, "लांब आहे ना? मग रडतोस काय.
आखूड निघाला असता तर कुणाला दाखवला असतास?"

शेवटचा तास, बॉयलरची खोली.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
टेप ओढत तो अंधारात गेला,
म्हणाला, "मिस पांचाळ, टोक धरता?"
धरलं. सवयीने हललेही नाही.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास,
मग, "एकशे एक्केचाळीस."
मग, "आणि पाच काजळ्या."

साठी उलटली माझी. तरी
बघावंसं वाटलं.
टोक सोडून दोन पावलं टाकली असतील नसतील,
टेप सर्रकन सरपटत
त्याच्या मुठीत जाऊन बसली.

"आता?" मी म्हटलं.
"आता पुन्हा," तो म्हणाला. "या इकडे.
शून्य मी धरतो."